स्वस्त ॲडाप्टरची पारख

मार्गशीर्ष महिन्यात नांदेड जिल्ह्यातील माळेगावी खंडोबाची यात्रा भरते. लातूर जिल्ह्यातील औशाच्या नाथ संस्थानाने चक्री भजनाची परंपरा जपली आहे. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात नित्य कीर्तन चालते. गाण्याबजावण्याचा असा वारसा लाभलेल्या या दोन जिल्ह्यांत ध्वनिक्षेपक ही आता केवळ मोठ्या मंडपातील वस्तू राहिलेली नाही. गल्लीतल्या भजनी मंडळाकडे छोटा मिक्सर आणि बिनतारी माईक असतो. संगीताच्या शिकवणीत इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि कीबोर्ड असतो. घरोघरी लहान ॲम्प्लिफायर असतात. या साऱ्या उपकरणांना वीज पुरवणारी एक काळी पेटी भिंतीच्या सॉकेटमध्ये मुकाट्याने बसलेली असते. तिलाच आपण ॲडाप्टर म्हणतो.

मूळ ॲडाप्टर बिघडला की आपण लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत जातो आणि ‘बारा व्होल्टचा द्या’ एवढेच सांगतो. दुकानदार तीन-चार नमुने पुढे ठेवतो. दिसायला सारे सारखेच असतात, किमतीत मात्र दुपटी-तिपटीचा फरक असतो. अशा वेळी स्वस्त घ्यावा की महाग, हा प्रश्न मुळातच अपुरा आहे. स्वस्त असणे हा काही दोष नव्हे. पेटीत नेमके काय वगळून ती स्वस्त केली आहे, हे ओळखता आले पाहिजे. काही गोष्टी वगळल्या तर आवाजात थोडी घरघर येते, काही वगळल्या तर उपकरण वर्षभरात निकामी होते, आणि एखादीच गोष्ट अशी असते की ती वगळल्यास माईक हाती धरणाऱ्याच्या जिवावर बेतते. या तिन्हींतील भेद सर्वसामान्य ग्राहकाला कळावा, यासाठी हा लेखनप्रपंच.

पेटीच्या आत काय चालते?

ॲडाप्टर दोन प्रकारचे असतात. पहिला जुन्या पद्धतीचा, ट्रान्सफॉर्मरचा. यात लोखंडी पट्ट्यांच्या गाभ्यावर तारेची दोन वेटोळी असतात. २३० व्होल्टची वीज एका वेटोळ्यात जाते आणि दुसऱ्यातून कमी व्होल्टची वीज मिळते. चार डायोड तिला एकदिश करतात आणि एक कपॅसिटर तिच्यातील चढउतार भरून काढतो. हा ॲडाप्टर जड, ओबडधोबड पण सोशिक असतो.

दुसरा प्रकार एसएमपीएसचा. आज बाजारात मिळणारे बहुतेक ॲडाप्टर याच जातीचे आहेत. यात २३० व्होल्टची वीज आधी थेट एकदिश केली जाते. त्यातून सुमारे ३२५ व्होल्टचा दाब तयार होतो, कारण २३० हा सरासरीचा आकडा असून लाटेचा माथा त्याच्या १.४१४ पट उंच असतो. मग एक इलेक्ट्रॉनिक स्विच हा दाब सेकंदाला हजारो वेळा, कित्येकदा लाखाच्या घरात, चालू-बंद करतो. इतक्या वेगामुळे सुपारीएवढा ट्रान्सफॉर्मरही पुरेसा होतो. म्हणूनच ही पेटी हलकी असते. मात्र तिच्या एका अर्ध्या भागात ३२५ व्होल्ट आणि दुसऱ्या अर्ध्या भागात आपल्या हाती येणारे १२ व्होल्ट, असे शेजारी शेजारी नांदत असतात. त्या दोघांमधील अंतर हा या लेखाचा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. त्याकडे पुढे येऊच.

मराठवाड्यातील विजेचा स्वभाव

ॲडाप्टरची परीक्षा ज्या विजेवर व्हायची, तिचा स्वभाव आधी समजून घ्यावा लागतो. २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी अस्तित्वात आली. त्याच सुमारास राज्याने भारनियमनाचे चटके सोसले. त्या काळात घरोघरी इन्व्हर्टर आले आणि ते आजही आहेत. यांतील स्वस्त इन्व्हर्टर महावितरणच्या विजेसारखी गोलाईदार लाट देत नाहीत. त्यांची लाट चौकोनी असते. चौकोनी लाटेला उंच माथा नसतो, त्यामुळे जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या ॲडाप्टरचे व्होल्टेज इन्व्हर्टरवर लक्षणीय घटते आणि ट्रान्सफॉर्मरही गुणगुणू लागतो. ‘लाइटवर ठीक चालते, इन्व्हर्टरवर घूं घूं करते’ या नेहमीच्या तक्रारीचे कारण पुष्कळदा हेच असते. अशा घरांत चांगला एसएमपीएस अधिक उपयोगी ठरतो.

दुसरा धोका न्यूट्रल तुटण्याचा. आपल्या वस्तीला तीन फेज आणि एक न्यूट्रल अशी वीज येते. न्यूट्रलचा सांधा वाटेत निसटला, तर २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये एखाद्या फेजवर ४०० व्होल्टच्या आसपास दाब येऊ शकतो. ४०० व्होल्टचा माथा ५६० व्होल्टच्या वर जातो, आणि स्वस्त एसएमपीएसमधील मुख्य कपॅसिटर तर ४०० व्होल्टपर्यंतच सोसणारा असतो. तो फुटतो. यात्रेतील किंवा मंडपातील तात्पुरत्या जोडणीत सांधे हाताने पिळलेले असतात, त्यामुळे हा धोका तेथे अधिक.

तिसरी गोष्ट उन्हाळ्याची. नांदेड-लातूरचा पारा उन्हाळ्यात ४० अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत, कपाटाच्या मागे, बंद पेटीच्या आत तो ६० ते ६५ अंशांवर सहज पोहोचतो. ॲडाप्टरमधील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये द्रव असतो आणि उष्णतेने तो हळूहळू आटतो. तापमान १० अंशांनी कमी झाले की आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते, असा तंत्रज्ञांचा अनुभवसिद्ध ठोकताळा आहे. हिशेबच करून पाहू. ८५ अंशांवर २००० तास टिकणारा कपॅसिटर ६५ अंशांवर सुमारे ८००० तास टिकेल. म्हणजे अखंड चालू ठेवला तर अकरा महिने. १०५ अंशांवर तितकेच तास टिकणारा कपॅसिटर त्याच जागी ३२ हजार तास, म्हणजे साडेतीन वर्षांहून अधिक चालेल. दोघांच्या किमतीत तफावत फार थोडी असते. स्वस्त ॲडाप्टर वर्षभरात का ‘जातो’, याचे एक उत्तर या थोड्याशा बचतीत दडलेले आहे.

दुकानात उभ्या उभ्या

दुकानात पेटी उघडता येत नाही, तरीही पुष्कळ काही कळते.

लेबलावरील गणित : व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार म्हणजे वॉट. १२ व्होल्ट, २ अँपिअर म्हणजे २४ वॉट. काडेपेटीएवढ्या हलक्या डबीवर १२ व्होल्ट, ५ अँपिअर म्हणजे ६० वॉट लिहिलेले आढळले, तर ते खोटे समजावे. ६० वॉटची पेटी लॅपटॉपच्या ॲडाप्टरएवढी तरी असायलाच हवी.

वजन : ट्रान्सफॉर्मरचा १२ व्होल्ट, १ अँपिअरचा ॲडाप्टर पाव किलोच्या आसपास किंवा त्याहून अधिक भरला पाहिजे. तो फारच हलका लागला, तर गाभा लहान आहे किंवा तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार वापरली आहे, असा संशय घ्यावा. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६० टक्केच असते. एसएमपीएसच्या बाबतीत मात्र वजनावर फारसे विसंबू नये. भारदस्त वाटावे म्हणून आत निरुपयोगी लोखंडी तुकडा बसवल्याचे प्रकार स्वस्त इलेक्ट्रॉनिक मालात उघडकीस आलेले आहेत.

नोंदणी क्रमांक : केंद्र सरकारने २०१२ च्या आदेशाने काही इलेक्ट्रॉनिक वस्तूंना भारतीय मानक ब्युरोकडील नोंदणी सक्तीची केली. नोव्हेंबर २०१४ मध्ये या यादीची व्याप्ती वाढवण्यात आली आणि तीत ध्वनी व दृक् उपकरणांचे ॲडाप्टरही आले. अशा ॲडाप्टरवर ब्युरोचे चिन्ह, मानकाचा क्रमांक आणि ‘आर’ या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा आठ अंकी नोंदणी क्रमांक असतो. हा क्रमांक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर टाकला, तर उत्पादकाचे नाव आणि वस्तूचा प्रकार समजतो. क्रमांक ॲडाप्टरचा म्हणून छापलेला आणि ॲपवर मात्र भलतीच वस्तू निघाली, तर तो ॲडाप्टर परत करावा. ही नोंदणी म्हणजे घरगुती उपकरणांवरील परिचित ‘आयएसआय’ शिक्का नव्हे. येथे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतील चाचणीच्या आधारे उत्पादक स्वतः हमी देतो. ‘सीई’ ही अक्षरे युरोपच्या बाजारासाठी असतात. त्यांना पाहून भारतीय ग्राहकाने निर्धास्त होण्याचे कारण नाही.

चौकोनातील चौकोन : एका लहान चौकोनाभोवती मोठा चौकोन, अशी खूण म्हणजे दुहेरी आवरणाचा दावा. दोन पिनांच्या ॲडाप्टरवर ती असलीच पाहिजे. खूण छापायला खर्च येत नाही हे खरे, पण ज्याने ती छापण्याचीही तसदी घेतलेली नाही, त्याने आत काय केले असेल याची कल्पना करावी.

पिना, शिवण आणि वायर : सॉकेटमध्ये पिना सैल बसत असतील तर ठिणग्या पडतात. कवचाचे दोन भाग चिकटवलेल्या जागी बोटाने दाबून पाहावे. फट उघडत असेल तर तो ॲडाप्टर घेऊ नये. वायर फार बारीक असेल तर तिच्यातच व्होल्टेज खर्ची पडते. दीड मीटर लांबीच्या, ०.२ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरमध्ये २ अँपिअरला सुमारे अर्धा व्होल्ट वाटेतच जातो.

जोडणीची दिशा : गुणवत्तेचा नसला तरी हा मुद्दा येथेच सांगणे इष्ट. काही कीबोर्डांना आणि गिटारच्या पेडलांना पिनेच्या आतल्या टोकाला ऋण लागते, इतर बहुतेक उपकरणांना धन. काही लहान मिक्सरांना तर डीसी नव्हे, एसी ॲडाप्टर लागतो. जुन्या ॲडाप्टरवरील आकृती पाहून किंवा तो सोबत नेऊनच नवा घ्यावा.

घरी करावयाच्या चाचण्या

घरी आणल्यावर ॲडाप्टर लगेच उपकरणाला जोडू नये. साधा मल्टिमीटर जवळ असेल, तर अर्ध्या तासात त्याची बरीचशी परीक्षा होते. सारी मोजमापे ॲडाप्टरच्या बाहेर येणाऱ्या, कमी व्होल्टच्या टोकाकडेच करावीत.

प्रथम लोड न देता व्होल्टेज मोजावे. १२ व्होल्टच्या एसएमपीएसने ११.४ ते १२.६ च्या दरम्यान आकडा दाखवला पाहिजे. ट्रान्सफॉर्मरचा साधा ॲडाप्टर मात्र लोडाविना १६ ते १८ व्होल्ट दाखवतो. तो बिघाड नव्हे, त्याचा स्वभावच तसा असतो. पूर्ण लोड दिला की तो १२ च्या जवळ येतो. तथापि कमी वीज खाणाऱ्या उपकरणाला असा ॲडाप्टर जोडला, तर त्याला १६ व्होल्ट सोसावे लागतात आणि ते हळूहळू निकामी होते. विशेषतः ९ व्होल्टच्या जागी १२ चा ॲडाप्टर ‘चालून जातो’ म्हणून लावण्याची सवय यासाठी घातक ठरते.

मग लोड द्यावा. त्यासाठी प्रयोगशाळा नको, मोटारसायकलच्या सुट्या भागांचे दुकान पुरे. मागच्या दिव्याच्या १२ व्होल्टच्या बल्बमध्ये दोन तारा असतात. टेललाइटची ५ वॉटची आणि ब्रेकलाइटची २१ वॉटची. २१ वॉटची तार सुमारे पावणेदोन अँपिअर घेते, म्हणजे २ अँपिअरच्या ॲडाप्टरची कसोटी पाहायला ती उत्तम. १ अँपिअरच्या ॲडाप्टरला साइड इंडिकेटरचा १० वॉटचा बल्ब लावावा. तो ०.८ अँपिअरच्या आसपास घेतो. बल्ब थंड असताना क्षणभर पुष्कळ जास्त वीज ओढतो. त्यामुळे काही एसएमपीएस आरंभी लुकलुकतात. म्हणून २ अँपिअरच्या ॲडाप्टरला आधी ५ वॉटची तार पेटवावी, मग २१ ची जोडावी. लुकलुकणे हे संरक्षण काम करत असल्याचे लक्षण आहे, दोष नव्हे.

बल्ब पेटलेला असताना पुन्हा व्होल्टेज मोजावे. एसएमपीएसचा आकडा ११.४ च्या खाली घसरला, तर लेबलावरील अँपिअर फुगवलेले आहेत. अर्ध्या तासाने पुन्हा मोजावे आणि कवचाला हात लावून पाहावा. कोमट लागणे स्वाभाविक आहे. पाच-सात सेकंद हात ठेववत नसेल, तर पृष्ठभाग ६० अंशांच्या आसपास तापला आहे आणि आतील अवस्था त्याहून वाईट आहे. जळकट वास येणारा ॲडाप्टर तत्काळ बंद करावा. या चाचणीत बल्बही चांगलाच तापतो, हे ध्यानात ठेवून तो फरशीवर किंवा स्टीलच्या ताटलीत ठेवावा.

आवाजातील घरघर कोणाची?

ध्वनीच्या उपकरणात ॲडाप्टरचा दोष कानाला कळतो, पण कान फसतोही. म्हणून आवाजांचे प्रकार ओळखावेत.

भरीव, जाडसर ‘घूं’ असा आवाज ट्रान्सफॉर्मरच्या ॲडाप्टरमधून येतो, तेव्हा कपॅसिटर अपुरा किंवा आटलेला असतो. चार डायोड लाटेचे दोन्ही भाग वापरतात, त्यामुळे ५० हर्ट्झच्या विजेतून १०० हर्ट्झची हमिंग निर्माण होते. याचेही गणित सोपे आहे. १ अँपिअर लोडाला २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दिला, तर दोन माथ्यांच्या मधल्या काळात दाब कमाल साडेचार व्होल्टपर्यंत खाली येऊ शकतो. कित्येक स्वस्त ॲडाप्टरांत त्याच्या निम्माही कपॅसिटर नसतो. मग हमिंग न येईल तरच नवल.

उंच, बारीक शिट्टी किंवा लोड बदलताच बदलणारी किरकिर एसएमपीएसची असते. तिच्या परीक्षेला एक गावठी पण खात्रीचा उपाय आहे. जुना मध्यम लहरींचा ट्रान्झिस्टर रेडिओ दोन केंद्रांच्या मधल्या मोकळ्या जागी लावावा आणि लोड दिलेल्या ॲडाप्टरपासून फूटभर अंतरावर ठेवावा. थोडी खरखर प्रत्येकच एसएमपीएस करतो. परंतु दोन नमुन्यांपैकी एक शांत आणि दुसरा कर्कश असेल, तर दुसऱ्यातील गाळणीचे भाग वगळलेले आहेत, असे समजण्यास हरकत नाही.

निर्णय करण्यापूर्वी एक उलटतपासणी अवश्य करावी. कीबोर्ड किंवा तानपुरा सेलवर चालवून पाहावा. १२ व्होल्टच्या उपकरणासाठी यूपीएसमधील बॅटरी वापरता येते, मात्र वायरमध्ये फ्यूज हवाच. बॅटरीवर घरघर थांबली तर ॲडाप्टरवर संशय घ्यावा. ती कायम राहिली तर दोष अन्यत्र आहे. बॅटरीवर घरघर थांबली तरी ॲडाप्टर दोषी असेलच असे नाही. मिक्सर एका सॉकेटवर आणि ॲम्प्लिफायर दुसऱ्या टोकाच्या सॉकेटवर असेल, तर दोघांच्या अर्थिंगमधील फरकामुळेही हमिंग येते. दोन्ही एकाच बोर्डावर घेताच ती पुष्कळदा नाहीशी होते. ट्रान्सफॉर्मरचा ॲडाप्टर माईकच्या वायरीजवळ किंवा गिटारच्या पिकअपजवळ पडलेला असेल, तर तो फूट-दोन फूट दूर सरकवावा. निरपराध ॲडाप्टरला फेकून नवा आणण्याचा खर्च अशाने वाचतो.

उघडलेली पेटी काय सांगते?

पेटी उघडण्याचे काम जाणकार कारागिरावरच सोपवावे. एसएमपीएसचा मुख्य कपॅसिटर वीज काढल्यानंतरही काही काळ ३०० व्होल्टचा दाब धरून ठेवू शकतो. मात्र मंडळासाठी एकाच जातीचे पाच-सहा ॲडाप्टर घ्यायचे असतील, तर त्यांतील एक कारागिराकडे नेऊन उघडून पाहणे हे शहाणपणाचे होय. त्याला पुढील गोष्टी दाखवायला सांगाव्यात.

वीज आत येते तेथे फ्यूज आहे का? पुष्कळ स्वस्त पेट्यांत फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा डाकलेला असतो. त्यापुढे गाळणीची गुंडाळी आहे, की तिची जागा रिकामी ठेवून तारांनी जोडली आहे? मुख्य कपॅसिटर पुरेसा आहे का? १०० ते २४० व्होल्टवर चालण्याचा दावा करणाऱ्या पेटीत दर वॉटमागे दोन ते तीन मायक्रोफॅरड, हा सर्वमान्य ठोकताळा आहे. म्हणजे २४ वॉटला सुमारे ४७. केवळ २३० व्होल्टसाठी त्याच्या निम्म्यातही भागते. परंतु १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दिसला, तर संध्याकाळी व्होल्टेज उतरले की ॲम्प्लिफायर हमखास घरघरणार.

आता त्या अंतराकडे येऊ. छापील पट्टी उलटी करून पाहिली, की ३२५ व्होल्टची बाजू आणि १२ व्होल्टची बाजू यांच्यामध्ये एक रिकामा, तांब्याविना पट्टा दिसला पाहिजे. त्याची रुंदी साधारणतः सहा मिलिमीटर हवी. ऑप्टोकपलर नावाचा चार पायांचा लहान भाग या पट्ट्यावर पुलासारखा बसतो. चांगले उत्पादक त्याच्याखाली पट्टीला खाचही पाडतात, म्हणजे धूळ आणि दमट हवा यांतून वीज सरकू शकत नाही. हे अंतर एक-दोन मिलिमीटरच असेल, तर तो ॲडाप्टर कितीही सुरेल वाजत असला तरी बाद करावा.

दोन्ही बाजूंना जोडणारा एक निळसर, चपटा कपॅसिटरही येथे असतो. त्याला ‘वाय’ वर्गाचा कपॅसिटर म्हणतात. तो बिघडला तरी आतून जोडला जाऊ नये, अशी त्याची घडण असते आणि त्यावर मानकांच्या बारीक खुणा छापलेल्या असतात. त्याच्या जागी साधा सिरॅमिक कपॅसिटर लावून थोडे पैसे वाचवता येतात. तो साधा कपॅसिटर ज्या दिवशी आतून जुळेल, त्या दिवशी घरातील वीज थेट १२ व्होल्टच्या वायरीत, तेथून मिक्सरमध्ये आणि माईकच्या जाळीवर येईल. गायकाचे ओठ त्या जाळीला टेकलेले असतात, पाय अनेकदा अनवाणी असतात आणि जमीन ओली असू शकते. या एका बचतीला क्षमा नाही.

झिणझिण्या : किती मनावर घ्याव्यात?

दोन पिनांच्या एसएमपीएसवर चालणाऱ्या उपकरणाच्या धातूला उलटा हात लावला, तर कधी कधी हलक्या झिणझिण्या जाणवतात. टेस्टरही मंद पेटतो. यामुळे पुष्कळ जण घाबरतात. वर सांगितलेल्या ‘वाय’ कपॅसिटरमधून किंचित वीज झिरपणे अपेक्षितच असते. २.२ नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून २३० व्होल्टला फार तर ०.१६ मिलिअँपिअर जाते. टेस्टरचा दिवा पेटायला एवढे पुरते, पण त्याने इजा होत नाही. मात्र एकाच मिक्सरला जोडलेल्या चार-पाच उपकरणांचे असे ॲडाप्टर असतील, तर ही गळती एकत्र जमा होते. त्यावर उपाय म्हणजे निदान ॲम्प्लिफायर तरी तीन पिनांचा आणि खऱ्या अर्थिंगला जोडलेला ठेवणे. हमिंग जावी म्हणून तिसरी पिन काढून टाकण्याची पद्धत काही ठिकाणी रूढ आहे, ती प्राणघातक होय.

झिणझिण्यांऐवजी झटका बसत असेल, तर तो किरकोळ समजून कार्यक्रम पुढे चालू ठेवू नये. मुख्य स्विच बंद करावा, संशयित ॲडाप्टर बाजूला काढावा आणि तो पुन्हा वापरू नये. मंडपाच्या जोडणीत ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळतीरोधक स्विच बसवला, तर चुकीच्या ॲडाप्टरलाही माणसाचा बळी घेणे अवघड होते. ज्या मंडळांकडे दरवर्षी वर्गणी जमते, त्यांनी खर्चाच्या यादीत याला पहिले स्थान द्यावे.

कोठे काटकसर करावी?

सारांश असा. घरात, कोरड्या जागी, सेलऐवजी चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याला नोंदणी क्रमांक असलेला साधा, स्वस्त ॲडाप्टर पुरतो. बल्बच्या चाचणीत तो उत्तीर्ण झाला की पुरे. जेथे घरघर खटकते, उदाहरणार्थ ध्वनिमुद्रणाला, तेथे गाळणीच्या भागांवर खर्च करावा. लेबलावर उपकरणाच्या गरजेपेक्षा दीडपट अँपिअर असलेला ॲडाप्टर घ्यावा, म्हणजे तो कमी तापतो आणि उन्हाळा काढतो. व्होल्ट मात्र जेवढ्यास तेवढेच हवेत. अँपिअर अधिक असल्याने उपकरण जळत नाही, उपकरण हवे तेवढेच ओढते. इन्व्हर्टरवर किंवा जनरेटरवर चालवायचे असेल तर एसएमपीएस घ्यावा. काम संपले की तो सॉकेटमधून काढून ठेवावा. रात्री न्यूट्रल तुटला तरी कपाटातील ॲडाप्टरला काही होत नाही.

आणि जेथे माणूस माईक हाती धरतो, तेथे दोन बाजूंमधील अंतर, ‘वाय’ कपॅसिटर, फ्यूज आणि अर्थिंग या चार गोष्टींत तडजोड करू नये. त्या चारांची किंमत भजनी मंडळाच्या एका दिवसाच्या चहापाण्याहून अधिक नसते. दुकानदाराने पुढे ठेवलेल्या तीन पेट्यांतून मधल्या किमतीची पेटी उचलणे म्हणजे पारख नव्हे. लेबल वाचणे, क्रमांक पडताळणे आणि बल्ब पेटवून अर्धा तास वाट पाहणे, एवढे केले तरी आपले पैसे आणि आपला गायक, दोन्ही सुरक्षित राहतील.